नाव तुमचं, जावळ माझं

भाईंदर पश्चिम
८ डिसेंबर

साईराज यास,

तुला जयभीम लिहू की नमस्कार, या विचारात माझ्या दोन सकाळी गेल्या. शेवटी दोन्ही लिहिते. त्यातला जो चालतो तो घे, दुसरा कागदावर राहू दे.

मी इंदूबाई, तुझ्या बहिणीची सासू. आपण एकदाच भेटलोय, लग्नाच्या आधी, आमच्याच घरी, पण तेवढ्यात ओळख चांगली झाली. भाईंदरहून मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कला कुणी पत्र पाठवतं का, असं म्हणून हसू नकोस. रिक्षात बसलं तर पोस्टाच्या आधी मी पोचेन, हे मलाही कळतं. पण तू सलोनीचा नंबर बंद केलायस, धम्मदीपचा केलायस, आणि परवा कळलं की माझापण केलायस. पोस्टमनला काही बंद करता येत नाही.

बातमी अशी की तू मामा झालास. जुलैच्या शेवटी सलोनीला मुलगी झाली. रंग सलोनीचा, नाक आमच्या धम्मदीपचं. ते जरा पसरट आहे, पण लेकराला शोभतं. आणि केस म्हणशील तर जन्मतःच मानेपर्यंत. नर्स म्हणाली, ही तर कंगवा घेऊनच यायची बाकी होती.

नाव संघप्रिया. ते मी ठेवलं. आमच्या घरात नाव मीच ठेवणार हे मी आधीपासून सांगून ठेवलं होतं. सलोनी म्हणाली, "नाव तुमचं, जावळ माझं." म्हटलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, आमच्याकडे बाळाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, हिचेही तसेच निघतील, हिच्या मामाच्या मांडीवर. तोवर कात्री लागणार नाही.

आमच्यात आता असलं काही करत नाहीत. मी तिला तसं सांगितलंही. पण या पोरीनं लग्न करून आल्यापासून या घरात एक गोष्ट मागितली नव्हती. दिवाळीचा कंदीलसुद्धा मीच विचारून आणला. पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं, तर मागितली तुझी मांडी. मी शब्द देऊन बसले. आता ती मांडी आणू कुठून ते तूच सांग.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते, म्हणजे ती मध्ये मध्ये येणार नाही. तू आमच्याकडे आलास तेव्हा मी तुझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला होता. तू हात लावला नाहीस. उठताना म्हणालास, "आमच्याकडे तुमच्या घरचं पाणी चालत नाही." मी ते विसरले नाही आणि विसरणारही नाही. ते पाणी मी गॅलरीतल्या मोगऱ्याला घातलं. मोगरा छान जगलाय. तेव्हा मी तुझ्या पाया पडायला लिहितेय असं समजू नकोस. मी सुनेला दिलेला शब्द पाळतेय, एवढंच.

सलोनी मजेत आहे. भाऊबिजेला तिनं ताट केलं, गच्चीवर गेली आणि चंद्राला ओवाळून आली. खाली आली तेव्हा तिला सर्दी झाली होती, नाक आणि डोळे लाल. त्या दिवसांत हवा बदलते, होतं असं.

लेकराला मी सकाळी कोवळ्या उन्हात फिरवायला नेते. राई गावाच्या रस्त्यानं मिठागरापर्यंत जायचं, जरा टेकायचं आणि परत यायचं. हे पत्र जाताना तीच पेटीत टाकेल. मुठीत दिलं की ती काही सोडत नाही, बोटं उलगडावी लागतात. कोपरा ओला लागला तर ती लाळ आहे.

मी लिहिलंय हे सलोनीला माहीत नाही. कळलं तर ती चिडेल. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, वाढवलंयस तूच.

इंदूबाई


११ जानेवारी

साईराज,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नव्हते. पोस्टमनच्या वेळेला मी गॅलरीत असते, ती वाळलेले कपडे काढायला.

इकडे थंडी पडलीये. म्हणजे भाईंदरची थंडी, आमच्या परभणीकडे हिला कुणी थंडी म्हणणार नाही. तरी मिठागरावर सकाळी धुकं असतं आणि पलीकडचा रस्ता दिसत नाही. नुसते गाड्यांचे आवाज येतात. मग ऊन वर आलं की आधी बांध दिसतात, मग पाणी, मग पाण्यातले बगळे. लेकरू डोळ्याची पापणी न हलवता बघत बसतं. बगळा उडाला की माझ्याकडे वळून बघते, जणू मीच उडवला.

धम्मदीपनं हौसेनं बाबागाडी आणलीये. तिची चाकं आपल्या रस्त्यांसाठी केलेली नाहीत. निम्मा रस्ता गाडी मी ढकलते, निम्मा रस्ता लेकरू एका हातात आणि गाडी दुसऱ्या हातात. टोपी घातली तरी केस खालून बाहेर येतात. सलोनी रोज खोबरेल लावते आणि मऊ ब्रश फिरवते. ब्रश फिरवताना एकदा म्हणाली, आई होती तेव्हा पहाटे कॅटरिंगच्या कामाला जायची, माझ्या वेण्या दादा घालायचा, अगदी दहावीपर्यंत. शाळेत पोरी विचारायच्या, तुझी आई किती छान वेणी घालते. मी सांगायचेच नाही, म्हणाली.

तुझ्याबद्दल ती या घरात इतकं पहिल्यांदाच बोलली. मी डाळ निवडत होते, मान वर केली नाही. मान वर केली असती तर ती थांबली असती.

परवा एक प्रकार झाला. मुर्ध्याच्या वळणावर एक माणूस निळ्या स्कूटरवर उभा होता, डोक्यावर हेल्मेट, काळी काच खाली ओढलेली. आमच्याकडेच बघत होता. हल्ली साखळीचोरांचा सुळसुळाट आहे. मी गळ्यातली पोत पदराखाली घेतली, लेकराला घट्ट धरलं आणि ओरडले, "क्या चाहिए रे?" तर तो गाडी वळवून निघून गेला. धम्मदीप म्हणतो पोलिसांना सांगून ठेवू. म्हटलं, सांग.

तूही गाडी जपून चालव. तुझ्याकडे गाडी आहे की नाही मला माहीत नाही, पण असली तर.

इंदूबाई


२३ फेब्रुवारी

साईराज,

तो साखळीचोर नाही. चोर इतक्या वेळा येत नाही.

आता सलोनीची रजा संपली. ती मिरा रोडला लॅबमध्ये परत जायला लागली आणि दिवसभर लेकरू माझ्याकडे असतं. सकाळी आम्ही निघालो की तो असतो, कधी राईच्या तळ्यापाशी, कधी मिठागराच्या बांधाजवळ. जवळ येत नाही, काच वर करत नाही. मागच्या आठवड्यात तो गाडीवरून उतरून उभा राहिला. एका पायावर सगळा भार, आणि उजव्या हातानं डावं कोपर धरलेलं. असं उभं राहणारं माणूस मी एकच पाहिलंय, आणि ते माझ्या घरात राहतं.

मी धम्मदीपला म्हटलं, पोलिसांचं राहू दे, तो टँकरवाल्यांचा माणूस आहे, पाणी मोजायला येतो. धम्मदीप म्हणाला, मिठागराचं पाणी कोण मोजतं? म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं.

संघप्रिया आता बसते. बसून बसून एका बाजूला कलंडते आणि कलंडल्यावर आपणच हसते. दोन दात खाली आलेत. केस डोळ्यांत जातात म्हणून डोक्यावर मधोमध रबर लावून शेंडी बांधतो, माडाच्या झाडासारखी दिसते. मला काही ती धड बांधता येत नाही. कारखान्यात इतकी वर्षं स्टीलची भांडी पॅक केली, बोटांची पेरं गेली आता. सलोनी बांधते ती अर्ध्या दिवसात सुटते, पोरीचे केसच तेवढे दाट आहेत.

या शेंडीपायी लेकराला मामा मात्र फार मिळाले. तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती भाई म्हणाले, "मामा मैं हूँ ना, मेरी गोद में बिठाओ." उसाच्या रसवाल्यानं सांगितलं, मी बसतो, वर रस फुकट. सोसायटीचा वॉचमन तर नवा शर्ट घेईन म्हणाला. सलोनी सगळ्यांना हसून नको म्हणते. घरात आल्यावर मला म्हणाली, "हिला मामा नसता तर गोष्ट वेगळी. आहे ना हिला मामा." मग तिला परत सर्दी झाली. ही सर्दी धुळीची असावी.

पुढच्या महिन्यात, शेवटच्या रविवारी, मी लेकराला चौकच्या कोळीवाड्यात समुद्र दाखवायला नेणार आहे. सकाळी सातची बस. सलोनी आणि धम्मदीप झोप काढतील, आम्ही दोघीच असू. सहज सांगितलं.

इंदूबाई


३० मार्च

साईराज,

आत्ताच चौकहून आले. पाय धुतले आणि लिहायला बसले.

लेकराचा हा पहिला समुद्र. मला वाटलं घाबरेल. ती घाबरली नाही, तिनं हात पुढे केले, उचलून घे म्हणताना करते तसे. एवढा मोठा समुद्र, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. वास नाकात गेला तशी ती शिंकली आणि लगेच तोंड उघडून पुढे वाकली. ही खाणार बघ. तुमचं रत्नागिरीचं रक्त आहे ना.

खाली स्टॉपपाशी विमलाबाई म्हणून सुकी मासळी विकतात. त्यांनी शेंडी बघितली आणि विचारलं, "जावळ काढला न्हाय अजून? मामा न्हाय काय पोरीला?" निळी स्कूटर पलीकडे चिंचेखाली उभी होती आणि हेल्मेटवाला तिच्या शेजारी. मी मुद्दाम आवाज चढवून म्हटलं, "मामा आहे. लाजतोय." विमलाबाई म्हणाल्या, "मंग लाज सोडाला सांग."

स्कूटरवाल्यानं घाईनं गाडी सुरू करायला घेतली. ती काही सुरू होईना. दोनचार किका वाया गेल्या. लेकरू माझ्या कडेवरून त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं. टाळ्या तिला नुकत्याच यायला लागल्यात, आणि हल्ली ती कशालाही वाजवते, पण तेव्हा तिनं त्याच्याकडे बघूनच वाजवल्या.

आता ऊन तापायला लागलंय. मिठागरात मिठाचे ढीग लागलेत, त्यांच्याकडे बघवत नाही इतके पांढरे. आम्ही आता उजाडतानाच निघतो आणि मुर्ध्याच्या शिरिषाखाली बसतो. तिथे सावली चांगली आहे. बसायला दगडही आहेत, एकापेक्षा जास्त माणसांना पुरतील इतके.

इंदूबाई


२६ एप्रिल

साईराज यास,

आज मला राग आलाय. राग आल्यावर लिहू नये म्हणतात, पण मी रागातच खरं लिहिते.

लेकराच्या डोक्यात घामोळं उठलंय. मानेवर दोन गळवं झाली, रात्ररात्र किरकिरते. डॉक्टर म्हणाले, या उन्हात एवढे केस कशाला ठेवलेत, काढून टाका.

माझा धाकटा भाऊ श्रीपती जयंतीला परभणीहून आलाय, अजून इथेच आहे. काल सलोनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, श्रीपतीमामांना विचाराल का? त्यांच्या मांडीवर काढू जावळ." मी म्हटलं, तू तर म्हणालीस, हिला मामा आहे. तर म्हणाली, "असेल. पण पोरीला गळवं होतायत. माझ्या हट्टापायी तिला कशाला त्रास." कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांचं काही सांगता येत नाही.

श्रीपतीनं आनंदानं हो म्हटलं. तो माझ्या मुलाचा मामा, तोही शेवटी मामाच. अठरा मे ठरलीये, रविवार आहे, सकाळी नऊला कोपऱ्यावरचा सलूनवाला घरी येणार आहे. तोवर बोरिक पावडर आणि ओलं फडकं.

मी तिला शब्द दिला होता. तो मोडला. माझ्याकडून नाही मोडला, तुझ्याकडून मोडला. तू काय समजतोस, काळ्या काचेमागून बघितलं की मामा होता येतं? बगळेही बघतात तिला. माझं पोरगं तुला नको आहे, माझं पाणी तुला नको आहे, बरं, राहिलं. पण जिच्या वेण्या घातल्यास तिला चंद्राला ओवाळायला लावतोस, आणि मला तिची सर्दी सांभाळावी लागते. ती सर्दी नाही, हे तुला पहिल्याच पत्रात कळलं असेल. मी लिहिलं नाही, कारण मला वाटलं कळण्याइतका तू तिचा भाऊ आहेस.

आता मी बोलावत नाही. तारीख फक्त कळवली.

इंदूबाई


८ मे

साईराज,

मागचं पत्र पोचलं असेल. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण काल जे झालं ते तुला कळवायला हवं. अर्ध्याहून जास्त तुला माहीत नाही.

काल सकाळी आम्ही मुर्ध्याला शिरिषाखाली बसलो होतो. लेकराच्या शेंडीचं रबर तुटलं. केस डोळ्यांत, घामानं गालांना चिकटलेले, आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. माझ्या बोटांत जोर नाही. एक बट धरली की दुसरी सुटायची. तेवढ्यात समोर सावली पडली. तो हेल्मेटवाला होता. इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला.

त्यानं काही विचारलं नाही. हात पुढे केले. मी लेकरू दिलं. घाबरले नाही, उलट हातातलं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तो दगडावर बसला, तिला मांडीवर घेतलं, खिशातला रुमाल काढून दातानं कडेची पट्टी फाडली. नखानं मधोमध भांग पाडला. असा सरळ भांग मी या लेकराच्या डोक्यावर बघितला नव्हता. मग दोन्हीकडे दोन इवल्याशा वेण्या घातल्या आणि पट्टीचे दोन तुकडे करून बांधल्या, गाठीची टोकं आत खोचून. ती रडायची थांबली होती. हेल्मेटच्या काचेवर थापा मारत होती. काच आतून धुकटली होती. ऊन फार होतं, घाम असेल.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी काढली नाही. एकदा विचारून झालंय माझं.

त्यानं लेकरू परत दिलं आणि गाडीकडे गेला. जाताना फक्त म्हणाला, "गाठीची टोकं बाहेर ठेवू नका. तिला टोचतात." आवाज काचेमागून आला, पण तो आवाज मी आमच्या घरात एकदा ऐकलाय.

आता तुला माहीत नाही ते. संध्याकाळी सलोनी लॅबमधून आली. हातपाय धुऊन लेकराला घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. वेणीला हात लावला. बोट आत घालून गाठीची टोकं चाचपली. मग खाली बसली, पर्स अजून खांद्यावरच होती. मला विचारलं, "आई, ही कुणी बांधली?" म्हटलं, रबर तुटलं होतं, रस्त्यात एकानं मदत केली. म्हणाली, "काही बोलला?" म्हटलं, टोकं टोचतात म्हणाला.

बराच वेळ ती तिथेच बसून होती. धम्मदीप आला, त्यानं दिवा लावला, तिला विचारलं काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. दादाला अजून येतं." यावेळी ती सर्दी म्हणाली नाही. रडली, चांगली मोठ्यानं रडली, आणि मग हसायला लागली, आणि लेकरू दोन्हीला टाळ्या वाजवत होतं.

आज तिनं लेकराचं डोकं नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. वेण्या सोडू देत नाही.

अठरा तारीख तीच आहे. श्रीपतीला पाटावर बसवायचं ठरलंय. त्याचे गुडघे दुखतात, तो पाटावर फार वेळ टिकायचा नाही, हे मी तुला उगाच सांगतेय.

इंदूबाई


१९ मे

साईराज,

काल तू गेलास, आणि आज मी परत कागद घेऊन बसले. तू नंबर चालू केलायस असं सलोनी म्हणाली. असू दे. मला पत्राची सवय लागलीये.

दार उघडलं तेव्हा तू हेल्मेट हातात धरून उभा होतास. तुझा चेहरा मी दुसऱ्यांदा पाहिला. बारीक झालायस. एकट्याचा स्वयंपाक दिसतोच अंगावर. श्रीपती पाटावर बसलेला होता, सलूनवाल्यानं मशीनही काढलं होतं. तो तुला बघून उठला आणि म्हणाला, "आलास बाबा? धर आता, माझे गुडघे गेले." त्यानं हे आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं. तू येणारच असं तो म्हणत होता, मी त्याला गप्प केलं होतं.

लेकरू तुझ्या मांडीवर रडलं, पण कमी रडलं. केस तुझ्या शर्टावर पडले, पँटवर पडले. तू झटकले नाहीस. सलोनीनं वेण्या कापायच्या आधी दोन्ही गाठी सोडल्या आणि रुमालाच्या पट्ट्या ओटीत घेतल्या, ते तू बघितलंस की नाही माहीत नाही. त्या तिच्या कपाटात आहेत.

आता पाण्याचं. त्याबद्दल लिहावं की नको, सकाळपासून विचार करतेय. लिहितेच.

सगळं झाल्यावर सलोनी स्वयंपाकघरात गेली. पेला घेतला आणि माठापाशी जाऊन थांबली. भरावा की न भरावा. भरला आणि तू नाही म्हणालास तर, म्हणून तिथेच उभी राहिली, रिकामा पेला हातात धरून. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणीच बघत नव्हतं. तू उठलास, अंगावर ते सगळे केस तसेच, आत गेलास, तिच्या हातातून पेला काढून घेतलास आणि माठातलं पाणी घेऊन प्यायलास. मग आणखी एकदा भरून घेतलास.

तुझी पाठ आमच्याकडे होती, म्हणून तुला दिसलं नसेल. श्रीपती पंख्याकडे बघायला लागला. धम्मदीपनं लेकराच्या टकलावर हात ठेवला आणि उचललाच नाही. सलोनीचा हात पेला गेल्यावरही तसाच होता, बोटं वळलेली, जणू पेला अजून त्यात आहे. मी बोलले असते तर रडले असते, आणि पाहुण्यांसमोर मी रडत नाही.

जन्मभर कारखान्यात मी असे पेले पॅक केले, साईराज. बाराचा एक खोका, वर कागद, वर चिकटपट्टी. ते कुठल्या घरात जातात, त्यांतून कोण पाणी पितं, कोण पीत नाही, हे बघायला मला कधी मिळालं नाही. काल मिळालं.

एका पेल्यानं सगळं फिटलं असं तू समजू नकोस. फिटलेलं नाही. धम्मदीपशी तू अजून दोन वाक्यं बोललायस, आणि त्यातलं एक पार्किंगबद्दल होतं. पण जाताना दारात तू मला "येतो मावशी" म्हणालास, आणि मी ते धरून बसलेय.

गॅलरीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. सलोनीनं आज गजरा केला, स्वतः घातला आणि उरलेली दोन फुलं लेकराच्या टकलावर ठेवली. ती घसरून पडली तशी लेकरानं उचलून खाल्ली.

तुझं हेल्मेट इथे राहिलंय. विसरलास की ठेवलंस, मी विचारणार नाही. चपलांच्या कपाटाशेजारी जमिनीवर आहे. संघप्रिया सकाळपासून त्याच्याजवळ जाऊन काचेवर थापा मारते आणि वाकून आत बघते, तू आहेस का म्हणून. तिला कसं समजवायचं ते मला कळत नाही, ते तूच येऊन समजव.

हेल्मेटशिवाय गाडी चालवू नकोस. रिक्षानं ये. सकाळी ऊन फार असतं, आम्ही आता संध्याकाळी फिरायला जातो, राईच्या तळ्यापर्यंत. तुझ्या बहिणीलाही यायचंय, ती सहाला लॅबमधून सुटते. लेकरू तू घे, बाबागाडी मी ढकलते.

तुझी मावशी